महाशीर : एका माशाच्या नावाचा शोध



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्यासंबंधी बोलण्याचा अधिकार माझ्यापेक्षा येथे बसलेल्या अनेकांना अधिक आहे. माझ्याकडे विषय मागितला गेला तेव्हा संयोजकांची अपेक्षा बहुधा संतवाङ्मयाची किंवा फारुकी राजवटीतील बऱ्हाणपूरची असावी. मी मात्र एका माशाच्या नावावर बोलणार आहे. मराठीचा अध्यापक आणि मासा, ही जोडी काहींना विनोदी वाटेल. परंतु या नावाशी माझे एक जुने देणे गुंतलेले आहे, आणि ते तापीच्या याच काठावर फेडणे उचित होईल असे मला वाटले.

१९८४-८५ च्या सुमाराची गोष्ट. पदवीच्या वर्गात मी समास शिकवीत होतो. बहुव्रीहीची तीच ती ठरावीक उदाहरणे देऊन मुले कंटाळतात, म्हणून मी आपल्या नदीतले उदाहरण घेतले. ‘महाशीर म्हणजे महान आहे शिर ज्याचे तो’ असे फळ्यावर लिहिले. मागच्या बाकावरून नदीकाठच्या भोई वस्तीतला एक विद्यार्थी उठला आणि म्हणाला, “सर, त्याचं डोकं काही एवढं मोठं नसतं. खवले मोठे असतात. आणि आमच्या मामाकडे, नर्मदेवर, त्याला महाशीर कोणी म्हणतच नाही. बाडस म्हणतात.” मी त्याला सांगितले की शब्दाचा अर्थ कोशात पाहायचा असतो, जाळ्यात नव्हे. वर्ग हसला. तो खाली बसला. पुढच्या आठवड्यात त्याने वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेला एक खवला माझ्या टेबलावर ठेवला. तो जवळजवळ रुपयाच्या नाण्याएवढा होता. मी तो मोल्सवर्थच्या कोशात खुणेसारखा ठेवून दिला आणि विसरलो. निवृत्तीनंतर पुस्तके आवरताना तो पुन्हा हाती आला, आणि मग मात्र मला स्वस्थ बसवेना. त्या कोशात मी हा शब्द कधी शोधलाच नव्हता!

नावांच्या कथा किती जपून ऐकाव्यात हे जैनाबादच्या रहिवाशांना निराळे सांगायला नको. नदीच्या उत्तर काठावरील शहराला शेख बुऱ्हाणुद्दीन गरीब यांचे आणि दक्षिण काठावरील आपल्या गावाला शेख जैनुद्दीन शिराझी यांचे नाव मिळाले. दोघेही खुलदाबादला चिरविश्रांती घेत आहेत. नासिरखान फारुकीने असीरगड घेतल्यावर शेख जैनुद्दीन स्वतः त्याला भेटावयास आले आणि त्यांच्याच इच्छेवरून ही दोन गावे वसली, अशी कथा फिरिश्त्याने दिली आहे. कथा सुंदर आहे. अडचण एवढीच की नासिरखान गादीवर आला १३९९ मध्ये, आणि शेख जैनुद्दीन त्यापूर्वी सुमारे तीस वर्षे निवर्तले होते. नाव खरे, पण कथा मागाहून जुळविलेली. माशांच्या नावांचेही असेच होते.

आता मूळ शब्दाकडे वळू. बऱ्हाणपूरच्या बाजारात एकाच टोपलीपुढे उभे राहून एक गिऱ्हाईक ‘मासा’ म्हणतो, दुसरा ‘मछली’ म्हणतो, आणि जुन्या वळणाचे उर्दू बोलणाऱ्या एखाद्या वृद्धाच्या तोंडी ‘माही’ येते. हे तीन शब्द तीन घरचे वाटतात, परंतु त्यांचे घर एकच आहे. संस्कृत ‘मत्स्य’चे प्राकृतात ‘मच्छ’ झाले. हिंदीने तो च्छ राखून ‘मछली’ केली. मराठीने, ‘वच्छ’वरून ‘वासरू’ करावे तसा, च्छ चा स करून ‘मासा’ केला. झ्यूल ब्लोक या फ्रेंच पंडिताने मराठीच्या घडणीवरील आपल्या ग्रंथात हे वळण मराठीची एक खूण म्हणून दाखविले आहे. अवेस्ताच्या भाषेत माशाला ‘मस्य’ म्हणत, आणि त्याच घराण्यातून फारसीचा ‘माही’ उतरला. मत्स्य आणि माही हे चुलत भाऊ होत. पेशवाईच्या कागदांत ‘माहीमरातब’ वाचताना तो मान मोगलांकडून आला हे आपण जाणतो, पण त्यातील ‘माही’ आपल्या ‘माशा’चा नातलग आहे हे सहसा लक्षात येत नाही.

ही नाती उलगडून सांगण्याचे कारण असे की, ‘महाशीर’ शब्दाची जी व्युत्पत्ती बऱ्हाणपुरात मी सर्वांत अधिक वेळा ऐकली आहे ती फारसीच आहे. माही म्हणजे मासा, शेर म्हणजे सिंह किंवा वाघ. तेव्हा माही-शेर म्हणजे पाण्यातला वाघ. या गावी ती लोकांना पटते यात नवल नाही. १६३१ च्या जूनमध्ये मुमताजमहलचे देहावसान झाल्यावर सहा महिने तिचा देह ज्या आहूखान्याच्या परिसरात, याच जैनाबादेत, विसावला होता, त्या आहूखान्याचे नावही फारसीच आहे. आहू म्हणजे हरिण. येथल्या कानांना फारसी जोडशब्द परके नाहीत. शिवाय गळाला लागल्यावर हा मासा ज्या त्वेषाने झुंजतो, ते पाहिलेल्या माणसाला वाघाचीच आठवण व्हावी.

परंतु भाषेचा न्याय त्वेषावर चालत नाही. फारसीत असे सामासिक शब्द बनतात तेव्हा उपमा आधी येते आणि मूळ वस्तू मागाहून. सापासारख्या माशाला फारसीत ‘मारमाही’ म्हणतात. मार म्हणजे साप. उंटासारख्या पक्ष्याला ‘शुतुर्मुर्ग’ म्हणतात. शुतुर म्हणजे उंट, मुर्ग म्हणजे पक्षी. या रीतीने वाघासारखा मासा ‘शेरमाही’ व्हावा, आणि फारसीत ‘शेरमाही’ हा शब्द एका माशासाठी आहेही. ‘माहीशेर’ ही उलटी जोडणी फारसी जाणणाऱ्याने केलेली नाही. ती, ऐकू आलेल्या एखाद्या निराळ्या शब्दावर फारसी जाणणाऱ्याने मागाहून चढविलेली आहे. यात हसण्यासारखे काही नाही. त्याच परदेशी पक्ष्याचे आपण मराठी माणसांनी ‘शहामृग’ करून टाकले आहे. मुर्गाचा मृग झाला, आणि पक्ष्याला आपण हरिण म्हणू लागलो. अपरिचित शब्द आला की कान त्यात ओळखीचे काही शोधतो. माझ्याही कानाने ‘शीर’ ऐकले आणि डोके पाहिले.

माझ्या त्या फळ्यावरील विग्रहाला मोठ्या माणसांचा आधार होता, हे सांगितले पाहिजे. हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल यांचा ‘हॉब्सन-जॉब्सन’ हा कोश १८८६ साली निघाला. त्यांनी या नावाचे मूळ अत्यंत संशयित असल्याचे प्रारंभीच मान्य केले आहे. ‘महाशिरस्’ किंवा ‘महाशल्क’ या दोहोंपैकी काही असावे, आणि त्यातही ‘महाशल्क’, म्हणजे मोठ्या खवल्यांचा, हे अधिक संभवते, असे त्यांचे मत. पुरावा म्हणून त्यांनी नोंदविले आहे की या खवल्यांचे खेळण्याचे पत्ते ढाक्यास करीत, असे बुकॅनन सांगतो. एच. एस. थॉमस या मासेमारीच्या शौकीन मुलकी अधिकाऱ्याने ‘महा-आस्य’, मोठ्या तोंडाचा, अशी तिसरी सूचना केली होती, तीही त्यांनी दिली आहे. पुढे १९०३ च्या आवृत्तीत संपादक विल्यम क्रूक यांनी कंसात भर घातली की, एकंदरीत ‘महाशिरस्’च बरे. म्हणजे पहिल्या दोघांचा कल खवल्यांकडे होता, आणि तिसऱ्याने पारडे डोक्याकडे झुकविले. माझ्या विद्यार्थ्याने वर्गात उभे राहून जे म्हटले ते यूल आणि बर्नेल यांचे मत होते. ना त्याला हे ठाऊक होते, ना मला.

प्रत्यक्ष मासा काय सांगतो? नर्मदा-तापीत आढळणाऱ्या जातीला शास्त्रज्ञ ‘टोर टोर’ म्हणतात. तिच्या डोक्याची लांबी शरीराच्या उंचीहून कमी भरते. हिमालयाच्या पायथ्याच्या नद्यांतील ‘टोर पुटिटोरा’ या जातीचे डोके लांब असते, आणि तेथे ‘महाशिरा’ शोभून दिसेल, आपल्याकडे नाही. खवल्यांचे म्हणाल तर रोहूच्या अंगावर मधल्या रेषेत चाळिसाहून अधिक खवले मोजता येतात, महाशीरच्या अंगावर पंचविसाच्या आसपास. एवढ्या मोठ्या अंगाला इतके थोडे खवले पुरायचे तर प्रत्येक खवला केवढा असेल याचा हिशेब कोणीही करू शकेल.

खवल्यांचा हा मुद्दा केवळ देखणेपणाचा नाही. कोणता मासा खावा आणि कोणता नाही, याची रेघ आपल्या देशात पुष्कळदा खवल्यांवरूनच ओढली गेली आहे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात, भक्ष्य माशांत पाठीन आणि रोहित यांच्या जोडीला ‘सशल्क’, म्हणजे खवल्यांचे मासे सांगितले आहेत. यांतला रोहित म्हणजे आपला रोहू. त्याचे नाव त्याच्या तांबूस झाकेवरून पडले आणि त्याबद्दल कोणाचा वाद नाही. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजाने, सोमेश्वराने, ‘मानसोल्लास’ रचला. त्यातील मत्स्यविनोदाच्या प्रकरणात माशांचे ‘शल्कज’ आणि ‘चर्मज’ असे दोन वर्ग केले आहेत. जहांगीर बादशहाने आपल्या आठवणींत लिहिले आहे की बिनखवल्यांचा मासा आपण खात नाही, कारण असे मासे मेलेले प्राणी खातात. १६१८ साली, गुजरातच्या दौऱ्यात महिनोन् महिने रोहू मिळाला नव्हता. तो एकाने मोठ्या खटपटीने पकडून आणला तेव्हा बादशहाने त्याला घोडा बक्षीस दिला. धर्मशास्त्रकार, चालुक्य राजा आणि मोगल बादशहा, तिघांची परीक्षा एकच. अशा देशात सर्वांत मोठ्या खवल्यांच्या माशाचे नावच ‘महाशल्क’ असावे, याहून समाधानकारक काय असेल? आणि मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात, श्राद्धाला अक्षय तृप्ती देणाऱ्या पदार्थांत, ‘महाशल्क’ हा शब्द आहेही. टीकाकारांचे त्याच्या अर्थावर एकमत नाही, तरी ब्यूलरने आपल्या १८८६ च्या भाषांतरात ते माशाचेच नाव मानले.

येथे पोहोचलो तेव्हा मला वाटले, झाले, देणे फिटले. विद्यार्थ्याचे बरोबर होते, नाव खवल्यावरून पडले. टिपण पुरे करून ठेवले. पण ते ठेवण्यापूर्वी, ज्या कामाबद्दल मला आयुष्यभर पगार मिळाला ते काम मी केले नव्हते, म्हणजे ध्वनी तपासले नव्हते. प्राकृतात ‘ल्क’ या जोडाक्षरातला ल टिकत नाही. उल्काची उक्का होते. वल्कलाचे वक्कल होते, आणि आपली ‘वाकळ’ त्यावरूनच आली असे मानतात. या नियमाने ‘महाशल्क’चे ‘महासक्क’ व्हावे, आणि आधुनिक भाषांत ‘महासाक’ असे काहीसे उरावे. असे नाव कोठेच नाही. जी नावे प्रत्यक्ष आढळतात त्यांच्या शेवटी एक तर ल आहे, नाही तर र. जो शब्द कोळ्याच्या तोंडून हजार वर्षे उतरत आला आहे तो पंडिताच्या सोयीसाठी आपले जोडाक्षर सांभाळून ठेवीत नाही. मला आवडलेली व्युत्पत्ती मलाच सोडावी लागली.

मग ही ल-र ची नावे पाहू लागलो. फ्रान्सिस बुकॅनन, जो पुढे हॅमिल्टन झाला, त्याने गंगेच्या खोऱ्यातील माशांवरचा आपला ग्रंथ १८२२ साली प्रसिद्ध केला. त्यात त्याने लोकांची नावे तशीच शास्त्रीय नावांत घेतली : टोर, पुटिटोरा आणि मोसल. ‘हॉब्सन-जॉब्सन’ने ‘महासौला’ असेही एक रूप दिले आहे. बंगालीत आजही या माशाला ‘महाशोल’ म्हणतात. आणि बंगालीत ‘शोल’ म्हणजे कोण, तर आपली मरळ किंवा तिची बहीण. ही ‘शोल’ संस्कृत ‘शकुल’पासून आली, प्राकृतात तिचे ‘सउल’ झाले, हिंदीत ‘सौल’, आणि लक्षात घ्या, हिंदीतच ‘सौर’सुद्धा. एकाच शब्दाचे ल आणि र असे दोन उच्चार शेजारी शेजारी नांदताना सापडले. त्यात भर म्हणजे नेपाळात महाशीरला ‘सहर’ म्हणतात. तेथे ‘महा’ नाहीच. जर ‘महा’ वगळूनही नाव उभे राहते, तर ते ‘महा’ विशेषण म्हणून मागाहून लागलेले असण्याचा संभव वाढतो : महा-सौल, महा-सौर, मोठी शोल.

यावर दोन आक्षेप आहेत आणि ते मी झाकून ठेवीत नाही. पहिला असा की मरळ आणि महाशीर दिसायला एकमेकांसारखे नाहीत. मरळ लांब, गोलसर आणि सापाच्या डोक्याची असते. परंतु कोळ्यांची नावे वर्गीकरणशास्त्राने चालत नाहीत. नदीतला एक नामांकित मासा मापासारखा वापरून दुसऱ्याला ‘मोठा अमुक’ म्हणणे ही साधी रीत आहे, आणि बंगालीत ती आजही डोळ्यांसमोर आहे. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ‘सौर’मधील औ चा ई किंवा ए कसा झाला, हे मला नियमाने दाखविता येत नाही. साहेबांच्या कानाने आणि लेखणीने तो बदल केला असावा असा माझा कयास आहे, आणि कयासाला मी कयासच म्हणेन. तरीही या सर्व मतांत मला हे मत अधिक विश्वसनीय वाटते. कारण बाकीची पंडितांच्या मेजावर जन्मली, आणि हे एकच नदीवर बोलल्या जाणाऱ्या शब्दांच्या आधाराने उभे आहे.

त्या विद्यार्थ्याच्या वाक्याचा तिसरा भाग अजून राहिला : आम्ही त्याला महाशीर म्हणतच नाही. नर्मदेवर ‘बाडस’ हे नाव खरोखरच रूढ आहे. महाराष्ट्रात, सह्याद्रीच्या नद्यांवर, या कुळातील माशाला ‘खडशी’ म्हणतात, कोठे ‘कुडस’. खडकाळ, वाहत्या पाण्यात राहणारा हा मासा. ‘खडशी’चा खडकाशी संबंध असेल असे मनात येते, पण आत्ताच एक आवडती व्युत्पत्ती गमावून बसल्यामुळे मी येथे जपून बोलतो. एवढे मात्र निश्चित की मराठीत ‘महाशीर’ हा शब्द मुख्यतः इंग्रजी शिकारपुस्तकांच्या आणि मत्स्यव्यवसाय खात्याच्या वाटेने आला. त्याचे शुद्धलेखनच ते सांगते. मराठीत डोके ते ‘शिर’, ऱ्हस्व. दीर्घ ‘शीर’ म्हणजे रक्तवाहिनी. मी फळ्यावर जो विग्रह लिहिला तो मराठी म्हणून वाचला असता, तर ‘मोठी आहे शीर ज्याची’ असा झाला असता!

मराठी कोळ्यांच्या शब्दांना विद्वत्तेच्या दरबारात जागा देणारा पहिला मोठा माणूस कर्नल विल्यम हेन्री साइक्स होय. १८२४ पासून मुंबई सरकारसाठी दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करताना त्याने भीमेच्या खोऱ्यातील माशांची चित्रे व वर्णने जमविली, आणि १८३९ साली ती प्रसिद्ध झाली. लॅटिनमध्ये नवी नावे घडविण्याऐवजी त्याने पुष्कळ ठिकाणी काठावर ऐकलेली नावेच वापरली. आपला शिंगाळा ‘सींघाला’ झाला, नुकटा ‘नुक्टा’ झाला, मळ्या ‘मुल्ल्या’ झाला. पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठेत मिळालेल्या महाशीरच्या एका जातीला त्याने ‘खुद्री’ असे नाव दिले, ते आपल्या खडशीचेच इंग्रजी कानाने ऐकलेले रूप दिसते. आज जगातला कोणीही मत्स्यशास्त्रज्ञ ‘टोर खुद्री’ म्हणतो तेव्हा तो पुणे परिसरातील एका अनाम भोयाचा शब्द उच्चारीत असतो. साइक्सने त्या भोयाला कोशात पाहायला सांगितले नाही, ही गोष्ट मला फार लागली.

या खुद्रीचा पुढचा इतिहास थोडक्यात सांगतो. १९७० नंतरच्या काळात लोणावळ्याजवळ टाटा वीज कंपनीच्या केंद्रात तिची पिले वाढविण्यात आली आणि देशभरच्या जलाशयांत सोडली गेली. काही कावेरीत गेली. तेथला मूळचा मोठा, पाठीला उंचवटा असलेला महाशीर त्यानंतर मागे हटत गेला. त्याचे शास्त्रीय नाव ‘टोर रेमादेवी’ असल्याचे निश्चित झाले तेव्हा २०१८ साल उजाडले होते आणि तो नामशेष होण्याच्या मार्गावर होता. एका नदीचा मासा दुसरीत सोडताना, दोघांना आपण एकाच ‘महाशीर’ नावाने ओळखत होतो, त्यामुळे फारसा विचार झाला नाही. ‘खडशी’ सोडतो आहोत असे म्हटले असते तर कोणी तरी विचारले असते की खडशी कावेरीची कोण?

आपल्या तापीत काय आहे? मुलताईहून निघून ७२४ किलोमीटरांवर सुरतेजवळ समुद्राला मिळणारी ही नदी. महाशीर पावसाळ्यात प्रवाहाविरुद्ध वर चढून वाळू-गोट्यांच्या उथळ पात्रात अंडी घालतो. खालच्या अंगाला १९७२ साली उकाईचे धरण पुरे झाले, त्यानंतर भुसावळजवळ हतनूरचे. भिंतीपाशी माशाची वाट संपते. २०११ साली मध्य प्रदेश शासनाने महाशीरला राज्यमासा म्हणून घोषित केले. बऱ्हाणपूरच्या टोपलीत कटला, रोहू आणि तळ्यातला तिलापिया रोज दिसतो. हा राज्यमासा मी गेल्या कित्येक वर्षांत एकदाही पाहिलेला नाही.

माझ्या त्या विद्यार्थ्याचा मी शोध घेतला. तो शिक्षण सोडून परगावी गेला एवढेच कळले. माझ्या एका वाक्यामुळे सोडले असे मी म्हणणार नाही. ते स्वतःला नको तेवढे महत्त्व देणे होईल. पण ते वाक्य त्याने बरोबर नेले असेल.

तो खवला मी आज सोबत आणला आहे, आणि विद्यालयाच्या संग्रहासाठी मुख्याध्यापकांच्या स्वाधीन करीत आहे. इतक्या वर्षांत तो पिवळट झाला आहे, कड थोडी उडाली आहे, तरी उजेडात धरला तर त्यावरची वाढीची वलये स्पष्ट मोजता येतात. सोबतच्या चिठ्ठीवर मी ‘बाडस’ हे नाव आधी लिहिले आहे, त्याखाली ‘महाशीर’, आणि त्याखाली ‘जैनाबादच्या एका विद्यार्थ्याकडून’. त्याचे नाव मला आठवते; तो कधी या शाळेत आला, तर ते त्याने स्वतःच्या हाताने लिहावे म्हणून शेवटची ओळ मोकळी ठेवली आहे.